प्रतिवादी प्रेमराज आणि पंधरा किलो वांगी

७ डिसेंबर, नशिराबाद
आजची भरीत पार्टी दणक्यात. पंधरा किलो हिरवी वांगी, चाळीस माणसं, परातीत बोटभर उरलं नाही. धुळ्याहून प्रेमराज खास आला होता. कृषी खात्यात छत्तीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. जानेवारीत त्याच्या मुलाची, चंदनची हळद. तीनशे पानांचं भरीत सुकदेवभाऊच करणार, असं त्याने सगळ्यांदेखत जाहीर केलं. टाळ्या पडल्या. निरोप समारंभातसुद्धा एवढ्या पडल्या नव्हत्या.
संकल्प: भरताचा गर्व करायचा नाही.

८ डिसेंबर, सकाळी ७
प्रेमराजचा मेसेज. फक्त मला. पुरावा म्हणून जसाच्या तसा उतरवतो: "भाऊ, राग मानू नको. कालना भरीतले पऱ्हाटीना वास नव्हता. गॅसवर भाजं ना? दोस्त शे म्हनीसन तुलेच सांगस. कोनले सांगाव नही."
कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळाशिवाय वांग्याला हात न लावणाऱ्या माणसावर गॅसचा आरोप! ही सरळसरळ बदनामी. कोर्टात खेचणार.
(पऱ्हाट्या अवकाळीने ओल्या झाल्या होत्या. हे कारण नव्हे, नोंद.)

११ डिसेंबर
धुळ्याला जाऊन आलो. भाची डिंपल तिथे वकिली करते. हुशार आहे, पण प्रश्न फार विचारते. आधी विचारलं, तिसऱ्या कुणी वाचलं का? मी अभिमानाने सांगितलं, कुणीच नाही. मग बदनामी झालीच नाही, म्हणाली. अब्रू लोकांच्या मनात असते मामा, तुमच्या एकट्याच्या मोबाईलवर ती जात नाही.
शिवाय 'चव आवडली नाही' हे झालं मत, त्यावर केस उभी राहत नाही. 'गॅसवर भाजलं' हे विधान. पण ते खरं असेल आणि लोकहितासाठी सांगितलं असेल, तर समोरचा सुटतो. भरीत आणि लोकहित यांचा संबंध काय, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात हळदीची तीनशे पानं आठवली.
शेवटी चष्मा काढून विचारलं, गॅसवर भाजलं होतं का? मी म्हणालो, बस चुकेल. बसला दीड तास होता.

१२ डिसेंबर
केस भक्कम आहे. एकच त्रुटी: तिसरा माणूस. प्रेमराजचा मेसेज आमच्या भरीत मंडळाच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'बघा, माझी कशी बदनामी चालली आहे!' १४३ मेंबर. त्रुटी दूर.

१३ डिसेंबर
डिंपलचा फोन. म्हणाली, ग्रुपवर त्यांनी नाही, तुम्ही टाकलंत. चार लोकांत नेणारे तुम्हीच. पोरगी नवीन आहे, शिकेल.
ग्रुपवर ९७ हसरे चेहरे. झुलालने विचारलं, वांगी एका सिलिंडरमध्ये झाली की दोन? पार्टीच्या दिवशी एकालाही गॅसचा वास आला नव्हता. आता सगळ्यांना आठवतो.

१८ डिसेंबर
साक्षीदार गोळा करतोय. सौ.ला म्हटलं, तू फक्त खरं सांग. म्हणाली, खरं सांगायचं तर सिलिंडर त्याच दिवशी कसं संपलं तेही सांगीन. तसंही बायकोच्या साक्षीला वजन नसतं. नाव वगळलं.
(नोंद: पहिली खेप पऱ्हाट्यांवरच होती. सहा वांगी.)

३ जानेवारी
ग्रुपचं नाव कुणीतरी 'गॅस भरीत मंडळ' केलं. ग्रुप सोडला. प्रेमराजला शेवटचा इशारा पाठवला: जाहीर माफी माग, नाहीतर हळदीचं भरीत मी करणार नाही. आता येईल पळत.

४ जानेवारी
दिवसभर ओट्यावर बसलो.

९ जानेवारी
उत्तर आलं: "बरं भाऊ." भरताचं काम कोकिळाबाईंच्या बचत गटाला दिलं म्हणे.
मी तत्त्वाचा माणूस आहे. हळदीला जाणार नाही.

२५ जानेवारी
काल धुळ्याला हळदीला गेलो. सौ. एकटी निघाली होती, म्हणून.
मांडवामागे पऱ्हाट्यांचा धूर होता. कोकिळाबाई वांगी उलटत होत्या. मी लांब उभा राहिलो. माझी जागा होती ती. वाईट वाटलं, खूप वाटलं.
तेवढ्यात झुलालने भर पंगतीत प्रेमराजला गाठलं: खरं सांग, सुकदेवने गॅसवर भाजलं होतं ना? सगळे हात थांबले. प्रेमराज माझ्याकडे बघून म्हणाला, "नही रे भाऊ. मनीच जीभ बिघडेल व्हती."
खरं बोलणं हा त्याचा एकमेव बचाव होता. माझ्यासाठी त्याने तो सोडून दिला. वर माझं ताट स्वतः वाढलं. भरीत उत्तम होतं.
परतीच्या बसमध्ये मेसेज लिहिला. तीनदा खोडला, मग पाठवला: 'प्रेमराज, तू म्हणालास ते खरं. गॅसवरच भाजलं. दोस्त म्हणून तुलाच सांगतोय. कुणाला सांगू नकोस.'
बस पारोळ्याला पोचायच्या आत उत्तर आलं: "बठ्ठासले माहीत शे, भाऊ. ग्रुपवर तूच सांगं ना."