रस्त्यालगतची जागा दवाखान्यालाच

मी, विजया बळवंत सावे, वय अडुसष्ट, धंदा पानमळा आणि आता आजारपण, राहणार मौजे सुरुआळे, एडवणच्या पुढे, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दमदाटी केलेली नाही. उलट घरी येतात ते सगळे हे लिहू नको असंच सांगायला येतात. पोटात गाठ आहे, पण तिचा डोक्याशी संबंध नाही, हे मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि यापुढे दुसरं करायला वेळ मिळेल असं दिसत नाही, तेव्हा हेच खरं धरावं. वकिलांनी मसुदा करून दिला होता. त्यात मी कुठे सापडेना, म्हणून कलमं त्यांची ठेवली आणि मजकूर माझा घातला.

कलम १. राहतं घर, पडवी आणि मागच्या न्हाणीसह, माझा मुलगा केदार याला द्यावं. तो तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातो आणि बोईसरला भाड्याने राहतो. त्याने घर बंद ठेवू नये. खाऱ्या हवेत बंद घर दोन पावसाळ्यांत खलास होतं. दर आठवड्याला येऊन खिडक्या उघडाव्यात एवढंच मागणं आहे.

कलम २. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ माझी मुलगी भाविका हिला. तिच्या लग्नात या पाटल्या दिल्या नाहीत म्हणून तिच्या सासूबाईंनी मला बरंच ऐकवलं होतं. आता त्यांनी खुशाल बघाव्यात, हातात मात्र घेऊ नयेत.

कलम ३. माझ्या वाट्याचा पानमळा केदार आणि भाविका यांनी सारखा वाटून घ्यावा. मळ्याच्या कडेला बायडीची झोपडी आहे. बायडी मासवणकडची. नवऱ्याबरोबर आमच्याकडे कामाला आली, नवरा गेला, ती राहिली. तिला हवं तोवर तिथे राहू द्यावं. मळा विकलात तर ही अट विकत घेणाऱ्यावरही राहील. माझ्या यजमानांची पानं खुडायची नखी, म्हणजे अंगठ्यात घालायचं लोखंडी पातं, तेही बायडीलाच द्यावं. केदारचा अंगठा आता मोबाइलवर चालतो.

पानमळ्यात आमच्याकडे चपला घालून कोणी जात नाही. वेल पवित्र मानतात. मी ती रीत कधी मोडली नाही आणि यांनी तर नाहीच नाही. सात वर्षांपूर्वी एका तिन्हीसांजेला आमची पाण्याची पाळी होती. विहीर सामाईक, पाळ्या ठरलेल्या. चुकली की पुढची येईपर्यंत वेल तहानलेला. हे अनवाणी पाटाला वळण द्यायला गेले आणि पायाला काहीतरी टोचलं. काटा असेल म्हणून पाय धुतला, परत आत गेले, आणि पाळी पुरी करूनच बाहेर आले. पानमळेवाल्याशिवाय असा वेडेपणा दुसरं कोणी करणार नाही. बायडीने पाटाकडेला घोणस पाहिली तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर हे मळ्याच्या तोंडाशी खाली बसले होते, आणि पाय सुजला होता.

रिक्षात घालून आम्ही गावच्या आरोग्य केंद्रात गेलो. दाराला कुलूप. आमच्या भागासाठी त्याच वर्षी नवी व्यवस्था आली होती. खर्च आवरायचा म्हणून रात्रीचा माणूस काढला, सर्पदंशाचं इंजेक्शन मोठ्या रुग्णालयातच ठेवायचं ठरलं, आणि त्याबदल्यात घराघरात कार्ड वाटलं, की जा मोठ्या दवाखान्यात, बिल सरकार भरेल. आम्ही बोईसरचा रस्ता धरला. अर्ध्या वाटेत यांचं बोलणं जड झालं आणि दवाखान्याचं दार दिसायच्या आत थांबलं. कार्ड शर्टाच्या खिशात होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, नवंकोरं.

कलम ४. सामाईक विहिरीवरची माझी पाण्याची पाळी माझे धाकटे दीर प्रताप सावे यांना द्यावी. केदार आणि भाविका यांनी मळ्यासाठी कूपनलिका मारलेलीच आहे, त्यांना तिची गरज नाही. भाऊजी आमच्या पाळीत चोरून पंप लावतात हे मला यांच्या हयातीपासून ठाऊक आहे. आता राजरोस लावावा.

भाऊजींविषयी थोडं लिहिणं भाग आहे, कारण पुढचं कलम त्यांच्यावाचून समजणार नाही. ते बँकेतून निवृत्त झाले. गेल्या वर्षी ग्रामसभेत आरोग्य केंद्राचा विषय निघाला. केंद्राची इमारत मोडकळीला आलेली. वरून सांगणं आलं की नव्या इमारतीसाठी गावाने रस्त्याला लागून जागा द्यावी, नाहीतर केंद्र बंद करून लांबच्या गावच्या केंद्रात मिसळून टाकू. भाऊजी उठले आणि मिसळू द्या म्हणाले. डॉक्टर, नर्सा, ड्रायव्हर, औषधं, वीज, एवढा खर्च बारा महिने करायचा, आणि रात्री येतं कोण, कधी एखादा विंचू, कधी एखादं बाळंतपण. तोच पैसा कार्डात घातला तर कितीतरी जणांची ऑपरेशनं होतील, असं त्यांचं म्हणणं. ते उगीच बोलत नव्हते. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन कार्डावर झालं. माझं पोटाचंही त्याच कार्डावर झालं. कार्ड वाईट म्हणायला मला तोंड नाही आणि मी म्हणतही नाही.

मी एक वेळ ग्रामपंचायतीत निवडून आले होते, बोलायची सवय आहे. मी म्हटलं, तारापूरच्या कारखान्यांत आगीचा बंब उभा असतो, आग रोज लागत नाही म्हणून तो कोणी भंगारात घालत नाही. लोक हसले. भाऊजींना ते लागलं. तिथेच, सगळ्यांदेखत ते म्हणाले, "वहिनी, दादाने पाळी अर्धी टाकली असती तर तो वाचला असता. केंद्र उघडं असून काय होणार होतं?"

ते खोटं बोलले नव्हते, हेच तर माझं दुखणं. पण अर्धं खरं होतं, आणि ते चारचौघांत बोलायचं नव्हतं. मी अजून त्यांच्या घरचं पाणी घेतलेलं नाही. त्या सभेत मागे दारापाशी बसलेली बायडी तेवढ्यात उभी राहिली. ती सभेत कधी बोललेली नव्हती. म्हणाली, "कार्ड माजेकडं बी हाय. पन मालक पडलं तवा कार्ड उचलाया आलं नाय. मी उचललं. माजे हातात दवाई नव्हती."

ती बसली. हात वर झाले, केंद्र गावातच राहावं असा ठराव झाला. जागा मात्र कोणी देईना. ज्याच्या त्याच्या रस्त्याकडच्या जमिनीला आता भाव आलेला आहे, नावं ठेवून उपयोग नाही.

कलम ५. रस्त्यालगतची माझी जागा. ही वडिलोपार्जित नाही. पानाच्या करंड्या बांधून, स्टेशनवर पोचवून, व्यापाऱ्यांच्या शिव्या खाऊन मी ती माझ्या नावावर घेतली. हिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, भाऊजींचा नाही आणि मुलांचाही नाही. सदर जागा मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागास गावच्या आरोग्य केंद्रासाठी देते. जिवंतपणीच बक्षीसपत्र करायला मी कार्यालयात जाऊन आले. जागेची मोजणी, मंजुरी, पदांची मान्यता, हे सगळं झाल्यावर ताबा घेऊ म्हणाले. माणसं सभ्य होती, चहा दिला. पण त्यांच्या कागदांचा वेग आणि माझ्या गाठीचा वेग जुळत नाही, म्हणून मृत्युपत्र.

अटी दोन. केंद्रात चोवीस तास नर्स राहिली पाहिजे आणि सर्पदंशाचं इंजेक्शन केंद्रातच असलं पाहिजे. नुसती इमारत बांधून पाटी लावली तर ती मला चालणार नाही. पाच वर्षांत हे झालं नाही, किंवा केंद्र खाजगी माणसाला चालवायला दिलं, तर जागा केदारकडे जावी. मग त्याने ती विकावी आणि गावाने माझं नाव काढू नये. असं होईल अशी भीती मला रोज वाटते. कार्यालयात एका बाईंनी हळूच सांगितलं की इमारतीला पैसे येतात, माणसांना येत नाहीत.

आता केदार. बोईसरच्या एका खाजगी दवाखानेवाल्याला ही जागा हवी आहे. मोठं रुग्णालय काढणार म्हणतो. भाव चांगला देतो. ऑपरेशनमध्ये माझी गाठ पुरती निघाली नाही, आणि आता जे औषध लागेल ते कार्डाच्या यादीत नाही. डॉक्टर म्हणाले की त्याने वर्षभर मिळेल, कदाचित थोडं जास्त, बरी होईन असं नाही. केदारने हिशेब मांडला: जागा विकू, तुझं औषध होईल, गावात रुग्णालयही होईल, तिथे कार्डही चालेल. ऐकायला सगळं सरळ आहे. मी त्या दवाखानेवाल्याला विचारलं, रात्री सर्पदंश आला तर इंजेक्शन ठेवाल का. तो म्हणाला, मागणी बघून ठरवू. गावाने वर्षाला किती माणसं चावून घ्यावीत ते त्याने सांगितलं नाही.

मी नाही म्हटलं तेव्हा केदार ताटावरून उठला. दारात उभा राहून म्हणाला, "आई, बाबा गेले त्याला मी काही करू शकलो नाही. तुझ्या वेळी करता येतंय, तर तू मला करू देत नाहीस."

त्याचं उत्तर इथे लिहिते. बाळा, मला मरायची हौस नाही. या पावसाळ्यात लावलेल्या वेलाची पानं मला खुडायची होती. तुझ्या हातचा तो बेचव चहासुद्धा मला अजून वर्षभर प्यायला आवडला असता. रात्री झोप लागत नाही, तेव्हा मी कितीदा ठरवते की सकाळी उठून तुला विक म्हणून सांगावं. पण त्या वर्षातला प्रत्येक दिवस मी रस्त्याकडे बघत काढेन, आणि कोणाची रिक्षा दारावरून गेली की आत कोण आहे याचा विचार करत बसेन. ते माझ्याच्याने होणार नाही. तू कमी पडलास असं जन्मात मनात आणू नकोस. मी तुझं ऐकलं नाही, एवढंच आहे.

कलम ६. माझ्यामागे दिवसकार्य साधं करावं. गावजेवण घालू नये. खात्यात जी शिल्लक असेल ती क्रियाकर्माला आणि बायडीच्या झोपडीच्या पत्र्यांना लावावी. मला शेवटच्या दिवसांत अतिदक्षता विभागात नेऊन नळ्या लावू नयेत. घरी ठेवावं. दुखलं तर दुखणं कमी करायचं औषध द्यावं, त्यात कंजूषपणा करू नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रताप सावे यांनी करावी. वाचणाऱ्याला नवल वाटेल. पण सरकारी कार्यालयाच्या बाकावर दिवसच्या दिवस बसून न कंटाळणारा दुसरा माणूस मला माहीत नाही, आणि भाऊजींना पटलं नाही तरी ते लिहिलेल्याच्या बाहेर जात नाहीत. मी त्यांना विचारायला गेले. ते म्हणाले की मला अजूनही हा खर्च वाया वाटतो, पण मी करीन. निघताना त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी घेतला नाही. हेही नोंदवून ठेवते.

वरील मजकूर मी आज साक्षीदारांना आणि केदारला मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: विजया बळवंत सावे

साक्षीदार १: भाग्यश्री राऊत, आशा कार्यकर्ती, सुरुआळे. सही.

साक्षीदार २: सुजित म्हात्रे, शेजारी, सुरुआळे. सही.

स्थळ: सुरुआळे. दिनांक: १३ डिसेंबर २०२५, शनिवार.

डॉक्टरांचा दाखला: मृत्युपत्र करणारी व्यक्ती शुद्धीवर व समजूतदार असल्याबद्दल डॉक्टरची सही घ्यावी, म्हणजे पुढे वारसांना कोर्टात जायला जागा उरत नाही, असं वकिलांनी सांगितलं. भाग्यश्री आणि मी केंद्रात दोनदा जाऊन आलो. डॉक्टरचं पद रिकामं आहे. बोईसरला पैसे देऊन दाखला मिळेल, पण तो मला नको. ही जागा कोरी सोडते.

(या कोऱ्या जागेत, दुसऱ्या हस्ताक्षरात:)

मी केदार बळवंत सावे, वरील विजया सावे यांचा मुलगा. आईने सगळं वाचून दाखवलं. ती काय करते आहे ते तिला पुरतं कळतं आहे. मला हे मान्य नाही. मी कोर्टात जाणार नाही. सोमवारी रजा घेतली आहे, तिला कार्ड घेऊन मुंबईला नेतो, यादीतलं जे मिळेल ते देतात का बघतो.

सही: केदार ब. सावे