ऐकू येत असावं

१४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, "बोला त्यांच्याशी. ऐकू येत असावं." असावं म्हणजे काय, हे विचारायचं धाडस झालं नाही.

जिन्याच्या पायरीवरून यांचा पाय घसरायचं निमित्त झालं. डोक्याला मार, मग ऑपरेशन, आणि तेव्हापासून डोळे मिटलेलेच. घरात बोलायचं काम आयुष्यभर त्यांचं, ऐकायचं माझं. आता मी काय बोलणार? "दूधवाला येऊन गेला," एवढंच म्हटलं. शेजारच्या खाटेवर पाय प्लॅस्टरमध्ये टांगलेला एक बस ड्रायव्हर आहे. त्याच्यापुढे तर आणखीच संकोच.

१५ नोव्हेंबर

मुलीचा फोन. रजा मिळाली की निघते म्हणाली. "आई, जुनं काहीतरी सांग बाबांना. खाणीतलं सांग." खाण त्यांची, आणि सांगायची मी!

तरी टेबलाची गोष्ट सांगितली. लग्नानंतर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो, तेव्हाची. नवरा कोळशाच्या खाणीत इंजिनिअर आहे हे मला ठाऊक होतं. पण धडधाकट माणूस सकाळी डबा घेऊन जमिनीच्या पोटात उतरतो, हे समोर बघणं वेगळं. मी रडवेली झाले होते. त्यांनी काय करावं? जेवणाच्या टेबलावर चादर टाकली, चारी बाजूंनी खाली सोडली, टॉर्च घेतला आणि म्हणाले, "चल आत." मी साडी सावरत रांगत गेले. टेबलाचे पाय म्हणजे कोळसा काढताना मुद्दाम सोडलेले खांब. हवा इकडून येते, तिकडून जाते. "आणि हा मी. भिण्यासारखं काही दिसतंय?"

"तुमचं डोकं आपटतंय वर," मी म्हटलं.

किती हसलो होतो. चहा उतू गेला तरी दोघं टेबलाखालीच.

१७ नोव्हेंबर

आज तोंड पुसताना त्यांचे डोळे बघितले. पापण्यांच्या मुळाशी कोळशाची बारीक रेघ असायची, काजळ घातल्यासारखी. कितीही साबण लावा, जायची नाही. निवृत्त झाल्यावर हळूहळू गेली. कधी गेली ते माझ्या लक्षातच आलं नाही.

१८ नोव्हेंबर

आज वेणीचं सांगितलं. मी कावीळ होऊन पडले होते, मुलगी पहिलीत. तिचे केस विंचरायची पाळी यांच्यावर आली. पहिल्या दिवशी पोर शाळेत गेली ती वादळातून आल्यासारखी. दुसऱ्या दिवशी यांनी डोकं चालवलं. माणसांना खाणीत उतरवणाऱ्या पाळण्याचा पोलादी दोर कसा वळलेला असतो, ते त्यांना पाठ. तशीच वेणी घातली! शाळेतून आल्यावर ती सुटता सुटेना. मी अंथरुणातून ओरडतेय, पोर भोकाड पसरतेय आणि हे अभिमानाने म्हणतात, "बघितलंस? एक पदर हलत नाही."

ड्रायव्हर पलीकडून खुसखुसला. मग म्हणाला, "माफ करा काकू, कानावर पडतं." म्हटलं, पडू दे.

२० नोव्हेंबर

त्यांना ताप. आत सोडलं नाही. बाहेर बाकावर बसून आले.

२२ नोव्हेंबर

ताप उतरला. आज जे सांगितलं ते आम्ही दोघं एकमेकांशीही फार कधी बोललो नव्हतो.

मुलगी शाळेत असताना एके दिवशी भर पाळीत त्यांनी सगळ्या माणसांना काम टाकून वर यायला लावलं. कुठे दगड पडला नव्हता, पाणी आलं नव्हतं. छताला लावलेले लाकडी टेकू रोज करकरायचे. त्या दिवशी एकही करकरला नाही. यांना ते बरं वाटलं नाही, एवढंच. ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी वर आले. मॅनेजर तापला होता.

काम बंद राहिलं. दोन दिवस, आठवडा, छत काही पडलं नाही. चौकशी बसली. मॅनेजर घरी आला, सोफ्यावर बसून गोडीत म्हणाला, "छत तडकल्याचा आवाज आला होता असं लिहून द्या. विषय मिटेल. बढतीचे कागद माझ्याच टेबलावर आहेत."

"आवाज आला नव्हता," हे म्हणाले.

बढती त्यांच्या हाताखालच्याला मिळाली. बाजारात, क्लबात, सगळीकडे यांचं नाव पडलं 'वर चला साहेब'. मुलीला शाळेतसुद्धा तेच चिडवायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?" ते तिच्या बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, उद्या खरंच आवाज आला, तर माझं कोण ऐकेल?"

मी पुन्हा विषय काढला नाही.

२३ नोव्हेंबर

गेल्या गेल्या ड्रायव्हरने विचारलं, "काकू, मग ते छत पडलं का शेवटी?"

म्हटलं, माहीत नाही हो. तो भाग नंतर वाळूने भरून टाकला. पडलं असतं की नसतं, कुणालाच कळलं नाही.

त्याने पाठीमागची उशी नीट केली. मग म्हणाला, "पण माणसं घरी गेली ना त्या दिवशी."

गेली. संध्याकाळी सगळी आपापल्या घरी जेवायला होती. इतक्या वर्षांत मला हे कुणी असं सांगितलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर

मुलगी आली. दारातच रडली, मग त्यांच्याजवळ बसून हसवायलाच लागली. आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. हे छत्री घेऊन प्रत्येक खोलीचं छत ठोकून बघत होते. बिल्डर वैतागून म्हणाला, "साहेब, वर माणसं राहतात." तेवढ्यात वरच्या बाई खरंच भांडायला खाली आल्या. त्यांना आत बोलावून यांनी चहा पाजला, आणि मग त्यांच्या घरी जाऊन तिथलंही छत ठोकून आले!

डोळे मिटलेलेच. पण कपाळावरची आठी जरा सैल झाली, असं मुलगी म्हणते. मला तसं दिसलं नाही. तिला तसं म्हटलं नाही.

२७ नोव्हेंबर

माझ्या हातात त्यांचं बोट हललं. नर्सने बघितलं, मुलीने बघितलं, ड्रायव्हरने मान उंचावून बघितलं. डॉक्टर म्हणाले, घाई नको.

घाई कोण करतंय? घरी येऊन त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला.

२९ नोव्हेंबर

दुपारी डोळे उघडले. मी वाकले. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मग हळू आवाजात, अगदी अदबीने म्हणाले, "बाई, एक काम कराल का? माझ्या घरी निरोप द्या, मी बरा आहे म्हणावं. बायको जेवायची थांबली असेल."

सांगते, म्हटलं.