मांडवापलीकडचं घर

११ जानेवारी

पाचवं सेमिस्टर सुटलं! हायड्रॉलिक्ससकट! आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे आता तू बंब चालवशील काय?" अगं आई, बंब ड्रायव्हर चालवतो. मी पाइप धरते. नोकरी लागल्यापासून हेच सांगतेय.

डिग्रीचं नाव फायर अँड इमर्जन्सी सर्व्हिसेस मॅनेजमेंट. बाबा तिला 'आगीची बी.ए.' म्हणतात. म्हणू देत. ऑनलाइन का होईना, ड्युटी सांभाळून करतेय. घरात रेंज येत नाही, म्हणून मिठागराच्या बांधावर बसून, डास मारत लेक्चरं ऐकलीत. आता एकच सेमिस्टर राहिलं. आणि प्रोजेक्ट.

१५ जानेवारी

तिवारी सरांनी प्रोजेक्ट सांगितला. आपल्या भागातली खरी घटना घ्यायची, मदत का पोचली नाही ते शोधायचं, योजना करायची आणि ती करून दाखवायची.

मला कुठे लांब जायला नको. घटना आमच्या आळीतच आहे.

गेल्या मे महिन्यात काशीआत्याचं घर जळलं. आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच असते, आळीच्या टोकाच्या घरात. तिच्या अलीकडे तिचा सख्खा भाऊ, सदाकाका. त्या दिवशी सदाकाकाच्या लेकीची, अमिषाची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी! मांडव या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रस्ता पूर्ण बंद, डीजे, जेवणावळ. सगळेच तसं करतात, कुणाला त्यात चूक वाटत नाही. भरदुपारी आत्याच्या मीटरपाशी आग लागली.

आमची गाडी वेळेत आली. गाडीत मी होते — माझ्याच गावात! — आणि गाडी मांडवापुढे थांबली. डीजेपुढे सायरन कुणाला ऐकू येतोय! पाहुण्यांच्या पायांतून पाइप ओढत आम्ही पलीकडे गेलो तोवर छप्पर खाली आलं होतं. आत्या बाहेर होती, म्हणून वाचली.

मांडवाच्या दोऱ्या कापल्या असत्या तर गाडी आत गेली असती. "कापा, कापा" म्हणून मी घसा फोडून ओरडत होते. कुणी कापल्या नाहीत. ज्याचा मांडव त्यानेच नको म्हटलं असणार. दुसरं कोण म्हणेल? सख्ख्या बहिणीचं घर जळतंय आणि याला मांडवाची पडलीय!

आणि आत्या काय सांगते गावाला? "बंब उशिरा आयला." झालं! आठ महिने झाले, मी आळीत शिरले की पोरं ओरडतात, "आयली, आयली, उशिराची गाडी आयली!"

हसते मी. घरी येऊन रडते. इथे खोटं कशाला लिहू?

१ फेब्रुवारी

आत्याकडे गेले. पत्र्याच्या खोलीत राहते आता, जुन्या जोत्यावरच. मोबाइल पुढे धरून म्हटलं, आत्या, त्या दिवशी काय झालं ते सांग, मला कॉलेजला द्यायचंय.

"मना काय आठवत न्हाय गो."

असं कसं आठवत नाही? आत्या आमच्याकडची धवलारीण आहे. हळदीला, लग्नाला धवले तीच गाते. कुठल्या विधीला कुठलं गाणं, सगळं तोंडपाठ. आणि स्वतःचं घर कसं जळलं ते आठवत नाही!

परत विचारलं. "बंब उशिरा आयला, येवढंच म्हाईत. तू जेवलीस काय?"

जेवले. रागारागात दोन भाकऱ्या जास्तच जेवले.

२ फेब्रुवारी

सदाकाका नाक्यावर भेटला. काहीतरी बोलायला आला होता. मी मान फिरवली.

२१ फेब्रुवारी

सरांना कच्चा प्रोजेक्ट दाखवला. रस्त्याची मापं, नकाशा, पाण्याची ठिकाणं, सगळं. मला वाटलं, खूश होतील.

म्हणाले, "बेटा, इसमें सड़क है, मांडव है। लोग कहाँ हैं?"

लोक आहेत की! पाचव्या पानावर सदाकाका आहे. 'मांडवमालकाने मांडव हटवू दिला नाही.' याहून अजून काय पाहिजे?

१६ मार्च

परेशची हळद ठरली, २४ एप्रिल. दादाचं एकदाचं जमलं! दोन ट्रकांचा मालक, पण मुलगी बघायला गेला की तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मी लगेच मुद्द्याला हात घातला. आपल्या मांडवात दहा फूट रस्ता सोडायचा. हळदीच्या दिवशीच आमची गाडी आळीच्या टोकापर्यंत आणून दाखवायची. स्टेशनच्या साहेबांना विचारलंय, ते तयार आहेत.

बाबा ताटावरून उठले. "धर्माशेटचे घरची हलद नि मांडव गल्लीयेवढा? लोकं थुंकतील तोंडावर!"

मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. नको नको ते बोलले. पंगत घाला रस्त्यात, उद्या आपलं घर पेटलं की त्याच निखाऱ्यांवर पापड भाजा, असंही म्हणाले. परेश बिचारा भिंतीला टेकून मुंडावळ्या न बांधताच घामाघूम.

मग आई बोलली. आई कधी मध्ये पडत नाही. "लेकीला वरीसभर लोकं हसतान, त्याची तुमाना लाज न्हाय. नि मांडव बारका झाला त्याची हाय?"

बाबा हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

१८ मार्च

बाबा मांडववाल्याला फोनवर सांगत होते, "जेवनाचा मांडव मागे शेतात, खलाटीत घाल. पुढं दहा फूट मोकलं पायजे. हां, मोकलं! कानात बोला भरलाय काय रे?"

मी आतल्या खोलीत. बाहेर गेलेच नाही. बाबांना अवघडल्यासारखं झालं असतं.

२५ एप्रिल

काल हळद झाली. लिहू की झोपू? लिहिते.

मांडव सुरेख. एका बाजूला दहा फूट रस्ता मोकळा, दोरी लावून. लोकांनी टोमणे मारलेच — "धर्माशेट, यो रस्ता नवरदेवाला पलून जायला काय?" बाबा म्हणाले, "व्हय, तुलाही पलायचं असंल तर पल." काशीआत्या उंबराच्या डहाळीपाशी बसून गात होती. मांडवात देव बसले की आत्याचा आवाजच बदलतो.

संध्याकाळी चारला आमची गाडी आली. सायरन. पोरं बाजूला. शुभम ड्रायव्हर हसत हसत गाडी आत घेतोय, मी युनिफॉर्ममध्ये पुढे, अंगाला हळद तशीच. अगदी रुबाबात! आणि — खट. गाडी थांबली.

कमान! 'परेशची हळद' लिहिलेली लाइटिंगची कमान! दहा फूट रुंदी मी मोजली होती, बोंबलून सांगितली होती. उंची? उंची माझ्या डोक्यातच आली नाही. गाडीवर शिडी असते हे मला कोण सांगणार, मीच ती रोज चढते! सहा सेमिस्टर शिकून काय दिवे लावले!

पोरांनी एकच कल्ला केला. बाबांचा चेहरा बघवेना. तेवढ्यात एक माणूस खांबावर सरसर चढला आणि कमानीच्या गाठी सोडायला लागला. सदाकाका! कुणी सांगितलं नाही, काही नाही. मग बाबा दुसऱ्या खांबाशी गेले. कमान खाली आली आणि गाडी आत्याच्या दारापर्यंत गेली. शिट्ट्या वाजल्या. आई पदराने डोळे पुसत होती.

सदाकाका खाली उतरून माझ्याकडे बघत होता. मी मनात म्हटलं, अक्कल आली, पण वर्ष उशिरा. त्याने परेशला हळद लावली. पंगतीत वाढायला मीच होते. त्याच्या पुढ्यात आले तेव्हा टोप घेऊन सरळ पुढच्या पानावर गेले. तो न जेवताच उठला.

बरं झालं, असं वाटलं. अजूनही वाटतंय.

९ मे

प्रोजेक्ट पाठवला. कमानीची फजितीसुद्धा लिहिली, उंचीसकट. पाचवं पान जसंच्या तसं ठेवलं.

१ जून

पास!! पहिला वर्ग! प्रोजेक्टला सगळ्यांत जास्त मार्क. फेब्रुवारीत 'लोग कहाँ हैं' म्हणणाऱ्या सरांनी आता पाचव्या पानाचं खास कौतुक केलंय. बाबांनी नाक्यापर्यंत चालत जाऊन पेढे आणले आणि प्रत्येकाला सांगितलं, "आगीची बी.ए. झाली." आज मला ते नाव आवडलं.

२ जून

पेढे घेऊन काशीआत्याकडे गेले. म्हणाली, "काय लिवलंस आमचे घरावर?" मी मोठ्या तोऱ्यात पाचवं पान वाचून दाखवलं. तिने हातातला पेढा खाली ठेवला.

"सदा कोयती घेऊन धावला व्हता गो, दोऱ्या कापायला. मीच त्याचा हात धरला. देव बसलेला मांडव, पोरीचे हलदीला कसा तोडू देऊ? सासरचे लोकं समोर. लगीन मोडलं असतं तिचं. घर काय, परत बांधता येतं. सदाला मी शपथ घातली, कुनाला बोलायचं न्हाय. मंग गावाला काय सांगू? बंब उशिरा आयला, सांगलं."

तिवारी सरांना मेल लिहिला, पाचवं पान चूक आहे म्हणून. तो सोपा होता. सदाकाकाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले.