पोट नसलेली होडी

ता. १४ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

समुद्रावरून परतून अकरा दिवस झाले आणि पत्र आज लिहितेय, याबद्दल रागावू नका. तुमच्या आग्रहाशिवाय हे सुतारशेड सोडून पाच दिवस कुठे हलले नसते. पण मन जड आहे.

तिसऱ्या दिवशी घरच्यांसाठी काहीबाही आणायला बाजारात गेलो. यादी माझ्या हातात, पिशवी यांच्या. शेजारणीला शिंपल्यांची माळ घेतली. जावयांसाठी घेतलेली टोपी यांनी स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि दुकानभर मिरवले. तुमचं मागणं होतं, समुद्राकाठी घडलेलं काहीतरी आणा. दुकानातल्या बाईंनी फळीवरून एक लाकडी होडी काढून दिली. खाली चिठ्ठी होती, इथल्या मच्छीमारांच्या हातची म्हणून. वन्सं, ती होडी यांच्या हातची होती! एकोणीस वर्षं ठेकेदार यांच्या होड्यांची खोकी भरून नेतोय, ती कुठे जातात हे आम्ही कधी विचारलं नाही. बाई शपथेवर सांगत होत्या की एक म्हातारा नावाडी ती कोरतो. मला हसू आवरेना. यांनी मात्र गंभीर चेहऱ्याने त्या म्हातारबुवांची तब्येत विचारली आणि पुरी किंमत मोजून स्वतःचीच होडी विकत घेतली.

इथवर गंमत होती. मग किनाऱ्यावर जाऊन यांनी ती पाण्यात सोडली. ती आडवी झाली. पुन्हा ठेवली, पुन्हा आडवी. शेजारी जाळं सांधत बसलेली बाई म्हणाली, अहो ती फळीवर ठेवायची, पाण्यात नाही. बनवणाऱ्याने पाणी बघितलंय कुठे!

खरंच होतं ते. ठेकेदाराने पहिल्यांदा कॅलेंडरवरचं एक चित्र आणून दिलं होतं. त्यात होडीचा पाण्यावरचा भाग दिसत होता, तेवढाच यांनी केला. पाण्याखाली आणखी होडी असते, हे यांच्या गावीही नव्हतं. उरलेले दोन दिवस हे वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांची पोटं वितीने मोजत फिरले. लाटांत पाय बुडवायला मी एकटीच गेले.

आता हत्यारांच्या पेटीचं झाकण उघडत नाहीत. महिनाअखेर दोनशे होड्या द्यायच्या आहेत. मी म्हटलं, लोकांना तशाच आवडतात ना. तर म्हणाले, लोकांचं राहू दे, माझा हात चालत नाही. तुमच्या शब्दाबाहेर हे जात नाहीत. जरा खडसावून लिहा.

लेकीसारखी मानता, तशीच मानत राहा.

तुमची,
भावजय

ता. २१ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

खडसावायचं कुणाला, याचा मी दोन दिवस विचार केला. ठोकळ्याला तर नाही. रुसला की जागचा हलत नाही म्हणून लहानपणी मीच त्याला हे नाव ठेवलं. पण हा रुसवा नाही.

त्याला सांग, चिठ्ठीवरचं खोटं त्याचं नाही. एकाने लाकूड तासायचं आणि दुसऱ्याचं नाव त्यावर चिकटवायचं, ही चोरी आहे. तिच्यासाठी मान खाली घालायची असेल तर चिकटवणाऱ्याने घालावी! पण होडीला पोट नाही, ही चूक त्याची आहे. भाऊ म्हणून मी ती झाकणार नाही. आणि एकोणीस वर्षांनी स्वतःची चूक दिसल्यावर ज्याचा हात थांबतो, त्याला मी कारागीर म्हणते. बाकीचे नुसता माल काढतात.

आता माझं ऐक. कामगारांच्या सभांतून तीस वर्षं मी गरजले, की राबणाऱ्या हाताला मान द्या. माझ्या सख्ख्या भावाची होडी बारा वर्षं माझ्या पुस्तकांच्या कपाटावर उभी आहे. रोज पुसते. तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा उलटी करून पाहिली. तळ सपाट आहे, पण काचेसारखा गुळगुळीत, पॉलिश केलेला. कुणाची नजर जाणार नाही तिथेही त्याने हात फिरवला होता गं. मला माझ्या भाषणांची लाज वाटली.

घर भाषणांवर चालत नाही, हे मला कळतं. तरी त्याला दोनशेकडे ढकलू नकोस. एक करू दे. तरंगणारी.

दोघं एकमेकांवर जीव ठेवा, उरला तर थोडा माझ्यावर.

तुझी,
वन्सं

ता. ११ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

मी पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, सगळे बरे आहोत.

सहा होड्या फुकट गेल्या, सातवी जमली. ठेकेदाराला दाखवली. त्याने ती टेबलावर ठेवली, ती कलंडली. तो म्हणाला, गिऱ्हाईक हिला घरी नेऊन कपाटावर ठेवणार, नदीत नाही. मी म्हटलं, खाली बैठक करून देतो. म्हणाला, दुप्पट वेळ खाल. शेवटी दोनशेचं काम त्याने दुसऱ्या सुताराला दिलं. माझ्या चाळीस नेईल, खपल्या तर पुढचं बघू. चिठ्ठीवर काय लिहिणार, असं विचारलं तेव्हा त्याला एकदम घाई झाली.

हिने माळ्यावरचं शिलाई मशीन खाली काढलंय. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

काल अंगणातल्या पिंपात होडी सोडली. ही फुंकर मारत होती, होडी डुलायची आणि परत सरळ व्हायची. बघता बघता मनात आलं, की ज्या पोटासाठी एवढं केलं, ते पाण्यात गेलं आणि वरून होडी अगदी जुनीसारखीच दिसायला लागली. चित्रातल्यासारखी. मी हिला तसं म्हटलं.  बाही वर सारून हिने हात पाण्यात घातला आणि होडीच्या खालून हलकेच फिरवला.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
ठोकळ्या