चहाचा कप आणि एकमत

४ मे
राज्य नीतिमत्ता देखरेख मंडळाची युवा सदस्य म्हणून माझी नियुक्ती झाली. ‘प्रशासनातील निर्भयता’ हा माझा निबंध राज्यात पहिला आला होता. शासनाने गुणवत्तेची दखल घेतली, ही शासनाच्या दृष्टीने आशादायक बाब आहे. संकल्प: प्रत्येक बैठकीत निर्भीडपणे बोलणे.

७ मे
सिव्हिल लाइन्समध्ये पहिली मीटिंग. बोलले नाही. ते मौन नव्हते, निरीक्षण होते. मंडळाची कार्यपद्धती रोचक आहे. येथे हात वर करत नाहीत. अध्यक्ष महादेवराव ठराव वाचतात आणि वृद्ध शिपाई नत्थू चहाचा ट्रे फिरवतो. कप उचलला, की संमती. विरोध असल्यास उचलायचा नाही. शेजारच्या सदस्य शामलाताई म्हणाल्या, की आजवर एकही कप परत गेलेला नाही. इतकी नैतिक एकवाक्यता अन्यत्र दुर्मीळच.

१२ मे
पुढील मीटिंगचा अजेंडा आला. तक्रारदार भीमाबाई! कॉलेजच्या काळात मी ज्या शासकीय वसतिगृहात होते, तेथील स्वयंपाकीण. मुलींचे दूध वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांच्या घरी जाते, असे तिने लेखी कळवले आणि तिचे काम गेले. प्रस्तावित ठराव: तक्रार फेटाळणे.
मी कप उचलणार नाही. विरोधासाठी बोलावेही लागत नाही. ही पद्धत जणू माझ्यासाठीच घडवलेली आहे.

१३ मे
जरीपटका भागातल्या बाजारात भीमाबाई भेटली. म्हणाली, “तू हायेस तिथं करिष्मा, त मले कायची चिंता वं?” गोपनीयतेच्या कारणास्तव मी केवळ मान हलवली. मान हलवणे हे आश्वासन ठरत नाही.

१७ मे
सराव. आईने दिलेला चहा सकाळी कप न उचलता नाकारला. दुपारीही तसाच नाकारला. आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला. संध्याकाळी तिचा चेहरा पडला, म्हणून घेतला. पण ती आई आहे, मंडळ नव्हे. एकूण प्रगती समाधानकारक.

१९ मे
एक तात्त्विक अडचण. मी भीमाबाईच्या हातचे जेवले आहे, तेव्हा मी निःपक्ष कशी? शामलाताईंना फोनवर विचारले. त्या म्हणाल्या, की महादेवराव त्या अधिकाऱ्यांचे व्याही आहेत, पण त्यांना असले प्रश्न पडत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचे बीपी उत्तम आहे. अडचण मागे घेतली.

२० मे, दुपार
ठराव वाचला गेला. सर्वांनी कप उचलले. मी दोन्ही हात टेबलाखाली ठेवले. नत्थू माझ्यासमोर उभा राहिला. उभाच राहिला. ट्रे थरथरू लागला. महादेवराव म्हणाले, “घ्या बेटा, म्हातारा कवाचा उभा हाये.” सगळे माझ्याकडे पाहू लागले.
कप उचलला.
ही वृद्ध कर्मचाऱ्याप्रती दाखवलेली सहानुभूती होती, संमती नव्हे. तो फरक मी स्वतंत्र टिपणाद्वारे स्पष्ट करणारच होते, तेवढ्यात ठराव एकमताने मंजूर झाला. शिवाय मी चहा प्यायले नाही. फक्त एक घोट, तोही साय आली म्हणून.
मराठी उत्तम असल्याने आदेशाचा मसुदा माझ्याकडे सोपवण्यात आला.

२२ मे
मसुदा पूर्ण. ‘तक्रार फेटाळण्यात येत आहे’ या वाक्यात मी ‘खेदपूर्वक’ हा शब्द घातला. हा माझा लेखी प्रतिकार. महादेवरावांनी तो एक शब्द खोडला. बाकी भाषेचे फार कौतुक केले.

२६ मे, सायंकाळ
भीमाबाईच्या घरी गेले. कार्यपद्धतीच्या मर्यादा तिला समजावून सांगायच्या होत्या. मुद्दे पाठ केले होते. पोहोचले तेव्हा पोलक्याच्या बाहीने घाम पुसत ती शेजाऱ्यांची भांडी घासत होती. आता हेच काम मिळाले आहे, म्हणाली. माझे मुद्दे आठवेनात. नत्थू तिच्याच गल्लीत राहतो, हे मला तेथे कळले; कपाची हकीकत माझ्याआधीच पोहोचली होती.
तिने स्टोव्ह पेटवला, आले ठेचले, आणि कप माझ्यासमोर धरला.
“घे वं. इथं चहा घेतल्यानं कोणाचं काम जात नाही.”
आणि आयुष्यात प्रथमच माझ्या तोंडून ‘नको’ हा शब्द स्पष्टपणे उमटला.