अकरा नंबरचा पाय

४ जून. सकाळी ६.
वय सेहेचाळीस. संकल्प : रोज दोनशे जोर, म्हशी पिळतात त्या कट्ट्यावर धारोष्ण दूध, साखर बंद. तालमीतल्या माझ्या सगळ्या जोडीदारांची पोटं सुटली. मी मात्र भरतोय.

१९ जून.
चपला करायला आकारामकडे. तो गिऱ्हाइकांच्या पावलांच्या मापाचे कागद जपून ठेवतो. माझा सहा वर्षांपूर्वीचा काढला. नऊ नंबर. आज अकरा. म्हणाला, दादा, ह्या वयात पाय वाढत न्हाईत की. याला काय कळतंय. दूध अंगी लागलंय.

२ जुलै.
लग्नातली अंगठी निघेना. पूर्णिमा साबण लावून ओढत होती. म्हणाली, तुमचं तोंड बदलाय लागलंय. बायकोला आता जबडाही खुपतो. डोकं दुखतंय. साखर सोडल्यामुळे.

१७ जुलै.
पूर्णिमानं आकारामकडून जुना-नवा दोन्ही कागद आणून डॉक्टर आदितींपुढे ठेवले. माझा अपमान. बाई बराच वेळ कागदच बघत होत्या. मग रक्त काढलं.

२४ जुलै.
रिपोर्ट आला. ग्रोथ फॅक्टर तिप्पट. मनात म्हटलं, फर्स्ट क्लास. बाई म्हणाल्या, मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ असावी. ग्रंथी वाढीचं हार्मोन सोडते, त्यावर यकृत हा फॅक्टर बनवतं. तो वाढला की तोच ग्रंथीतल्या पेशींना बास म्हणून सांगतो. गाठीतल्या पेशी ऐकत नाहीत. पूर्णिमा म्हणाली, मालकाच्या वळणावर गेल्यात.
एमआरआय लगेच करा म्हणाल्या. गणपती झाल्यावर बघू. तालमीचा गणपती माझ्याशिवाय हलत नाही.

११ ऑगस्ट.
कट्ट्यावर डावीकडची म्हैस दिसली नाही. धडकलो. ग्लासभर दूध अंगावर. सगळे हसले. पहाटे अंधार असतो. (साडेसात वाजले होते.)

२८ ऑगस्ट.
नव्या चपला आल्या. अकरा नंबर. घट्ट होतात. पावसाळी हवेनं चामडं आक्रसलं असणार. आकारामनं पुन्हा माप घेतलं, आकडा सांगितला नाही.

९ सप्टेंबर.
एमआरआय झाला. गाठ मोठी, डोळ्यांच्या नसांवर दाबतेय. ऑपरेशन नाकातून. गेलेली नजर परत येईल का, विचारलं. बाई म्हणाल्या, जुलैत एमआरआय केला असता तर जास्त खात्रीनं सांगितलं असतं. ऐकायला हवं होतं.

१२ सप्टेंबर. दुपारी ४.
उद्या ऑपरेशन. भीती वाटते. पानाच्या कडा दिसत नाहीत, म्हणून मधोमध लिहितोय. पूर्णिमा कुठं गेली म्हणून दोनदा हाक मारली. डाव्या बाजूनं आवाज आला, तासभर हितंच बसलीया की.