ही बाळाची उष्णता नव्हे

चि. भूमेश्वरीला आईचे आशीर्वाद.

मी इथे नागपुरात बरी आहे. काम झेपतं. तुझ्या मामंजींचा खोकला कसा आहे?

काल फोनवर तू म्हणालीस, "थंडी वाजून ताप येऊन राहिला." मागून विहीणबाई म्हणाल्या, "पहिल्या खेपेले उष्णता होतेच." तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. फोनवर त्या ऐकतात, म्हणून लिहिते.

तुझ्या बाबांच्या तपासणीचा कागद दोन दिवस घरात पडून होता. मला वाचता येत नव्हतं. ते गेल्यावर मी अक्षरं शिकले आणि पहिला तोच वाचला: हिवताप.

पत्र आणणाऱ्या मनिराममामांच्या गाडीवर आजच दवाखान्यात जा. रक्त तपासून घे. गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांग, पाचवा महिना आहे. पाहुण्यांसाठी जपलेली मच्छरदाणी आज स्वतःसाठी बांध.

विहीणबाई रागावल्या, तर माझं नाव सांग.

तुझी आई,
चमेली